दिगूभाऊंची काळी चार

अन्याय झाला तो दिगंबर ढोले यांच्यावर. कधी झाला? गेल्या पोळ्याच्या करीला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. कुठे झाला? केनवडला, भर सत्कारात. मी पहिल्या रांगेत होते आणि घड्याळ पाहून ठेवलं होतं.

सत्कार आमच्या रिसोडच्या पॉप बँडचा होता. त्यांचं एक गाणं जिल्हाभर वाजलं होतं, जीपमध्ये, पिठाच्या गिरणीवर, हळदीच्या मांडवात. गाणाऱ्यांना शाली मिळाल्या, प्याड वाजवणाऱ्याला नारळ मिळाला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी पुढची चिठ्ठी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं, 'दिगंबर ढोले, कीबोर्ड आणि अरेंजर'. गुरुजी अडखळले, मंडपावर एक नजर फिरवली आणि म्हणाले, "आणि आजच्या या सुंदर बैठकव्यवस्थेबद्दल, खुर्च्या-सतरंज्यांच्या अरेंजमेंटबद्दल दिगंबरभाऊंचे मनःपूर्वक आभार."

टाळ्या पडल्या. दिगूभाऊ उठले, हात जोडले, आणि बसता बसता शेजारची वाकडी खुर्ची सरळ करून ठेवली.

मी पेटले. ते पेटले नाहीत. या माणसाबरोबर लढा देणं किती अवघड आहे, हे इथूनच लक्षात घ्या.

अरेंजर म्हणजे गाण्याची मांडणी करणारा. कोणतं वाद्य कुठे शिरेल, कुठे गप्प बसेल, अंतऱ्याआधी किती वाजेल, हे तो ठरवतो. त्या गाण्याची जी शीळ तुम्ही घालता ती मूळ चालीत नाहीच, ती दिगूभाऊंच्या सुरुवातीच्या तुकड्यातली आहे. पण आमच्याकडे अरेंज हा शब्द मंडपासाठी, पाण्याच्या जारसाठी आणि लग्नासाठी. एका बापाने तर मुलीचा बायोडाटा आणून दिला होता. दिगूभाऊंनी तो ठेवून घेतला, पंधरा दिवस विचार केला आणि एक चांगलं स्थळ खरंच काढून दिलं. स्वतः मात्र बिनलग्नाचे. वय पन्नासच्या पुढे.

ते आमच्या शेजारी राहतात. त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट सुरात ऐकू येते. वाशीमच्या जीपचा हॉर्न म्हणजे पेटीची पांढरी दोन. आमचा मिक्सर काळी एक, चटणी घट्ट असली की पांढरी एक. बाजाराच्या दिवशी मळ्यातून मेथी-पालक घेऊन येणाऱ्या बायांना ते दर वेळी थांबवतात. वरच्या पट्टीत ओरडू नका, दुपारपर्यंत गळा बसते, दोन सूर खाली या. बाया हसतात. पण खाली येतात, आणि त्यांची भाजी संध्याकाळपर्यंत ऐकू येते.

दुसरं वेड, 'जागा सोडा'. चहाच्या ग्लासात जागा सोडा, पिशवीत जागा सोडा, बोलण्यात जागा सोडा. अन्याय दिसला की मी पत्रक काढते; ते त्यांना वाचून दाखवलं की म्हणतात, "सारं बराबर हाय. पण यात श्वास कुठी घ्याचा?"

तिसरं वेड मोठं चमत्कारिक. वाजवायला बसले की त्यांच्या पियानोच्या (कीबोर्डला आमच्याकडे पियानोच म्हणतात) छोट्या काचेवर, जिथे आकडे दिसतात तिथे, एक निळा रुमाल टाकलेला. कोणी विचारलं की, डोळ्यावर उजेड येते. भर उन्हातसुद्धा येते.

आयुष्य थोडक्यात सांगते, कारण ते स्वतः याहून थोडक्यात सांगतात. शाळेच्या प्रार्थनेला पेटी वाजवली. मग लग्नाच्या बँडमध्ये पियानो, हातगाडीवर बसून. मग अकोल्याला ऑर्केस्ट्रा. एकदा मुंबईला एका स्टुडिओत काम मिळालं, अकराव्या दिवशी परत. का आलात म्हटलं तर उत्तर असं की तिथं कोणाले कोणासाठी थांबाची सवय नाही. तेव्हापासून रिसोड, हा बँड, आणि पंचवीस वर्षं मंदाताई.

मंदाताई बँडच्या गायिका. सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवतात, कार्यक्रम असला की गातात. कार्यक्रम सुरू होताना दिगूभाऊ त्यांच्याकडे पाहून ठासून म्हणणार, "काळी चार." म्हणजे गाण्याची पट्टी, सूर इथून धरायचा. पंचवीस वर्षं तीच पट्टी. मंदाताईंना त्याचा अभिमान. बाकी गायिकांचे आवाज वयाने उतरतात, आपला नाही उतरला.

तर, केनवडनंतर मी पत्रक लिहायला घेतलं. फोनवर त्या गाण्याखाली नावं पाहा: गीतकार, गायक, कॅमेरा, ड्रोन, इतकंच काय 'ट्रॅक्टर सौजन्य' म्हणूनसुद्धा एक नाव आहे. अरेंजर नाही. या माणसावाचून बँड चालत नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. फोटो हवा म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले, पियानो सुरू होता, फोटोत बरा दिसत नाही म्हणून रुमाल उचलला. काचेवर आकडा होता, उणे तीन.

पेटी मीही शाळेत थोडी शिकले आहे. बोटं काळी चारवर, पण यंत्र तीन पट्ट्या खाली बोलणार. म्हणजे पांढरी चार.

दिगूभाऊ दारात उभे होते. आधी म्हणाले, खराब झाला असल. मग खाली बसले. गेल्या आठ-दहा वर्षांत, मंदाताईंचा आवाज जसजसा उतरला तसतसं ते एकेक बटण खाली आले होते. तोंडाने काळी चार, रुमालाखाली दुसरंच.

मला हवा होता तसा पुरावा हाती आला. मी म्हटलं, हेच छापते. दिगूभाऊ माझ्यावर कधी चिडत नाहीत, त्या दिवशी चिडले.

"मले खुर्च्या लावणारा म्हण. झाडणारा म्हण. पण हे तिले समजलं ना पोरी, तर ते उद्यापासून गाणं सोडते."

तोवर दुसरं संकट आलं. बँडचा मालक संजूभाऊ, मूळ गाणं त्याचंच, म्हणाला की आता ट्रॅकवर गायचं. म्हणजे वाजवणं सगळं आधीच भरून ठेवायचं, लॅपटॉपचं बटण दाबायचं, पियानोवाला नको. शेलूबाजारचा कार्यक्रम तसाच करणार. अकोल्याहून ट्रॅक मागवतो, पट्टी तर माहीतच आहे, काळी चार.

मला वाटलं आता तरी हा माणूस भांडेल. दिगूभाऊ संजूकडे गेले आणि म्हणाले, अकोल्याहून कायले, मीच भरून देतो. चार दिवस खोली बंद करून त्यांनी सगळे ट्रॅक भरले. पांढरी चारमध्ये. पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवली, 'काळी चार'. स्वतःच्या जागी बसणारं यंत्र या माणसाने स्वतःच्या हाताने तयार केलं, आणि मला सांगितलं, आता तिची काळजी नाही.

शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी, दुपारी चारला कार्यक्रम. दिगूभाऊ पहिल्यांदा समोर बसले, माझ्या शेजारी, निळा रुमाल मुठीत. ट्रॅक सुरू झाला. मंदाताईंनी सूर धरला, अगदी बरोबर. दिगूभाऊंनी श्वास सोडला, मीही सोडला. मुखडा झाला. अंतऱ्याआधी मंदाताई जरा थांबल्या, त्या नेहमी थांबतात, पदर सारखा करतात, समोर बघतात, आणि मग उचलतात. ट्रॅक थांबला नाही. अंतरा त्यांच्याशिवाय निघून गेला. त्यांनी धावत गाठला, पुन्हा थांबल्या, पुन्हा सुटला. मागून कोणीतरी ओरडलं, ताई, गाडी सुटली. दिगूभाऊंची बोटं मांडीवर वाजवत होती, थांबत थांबत, तिच्यासाठी.

मंदाताईंनी हात वर करून संजूला ट्रॅक बंद करायला लावला. माईकमध्ये म्हणाल्या, "हा डब्बा माह्यासाठी थांबत नाही बाप्पा. दिगूभाऊ, कायले खाली बसले? या वर."

पियानो जीपमध्येच होता. दिगूभाऊंनी तो का आणला होता, हे मी विचारलं नाही. ते वर गेले, रुमाल टाकला, काळी चार म्हणाले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. संजूभाऊचाही उतरला असावा, कारण लोक जागचे हलले नाहीत आणि तोच सगळ्यात जोराने टाळ्या वाजवत होता. गाण्याखाली अरेंजरचं नाव घालायचं त्याने तिथेच कबूल केलं, आणि घातलंही.

कार्यक्रमानंतर भज्यांच्या गाडीवर मंदाताई माझ्या शेजारी होत्या. दिगूभाऊ लांब वायरी गुंडाळत होते. मी म्हटलं, ताई, आवाज अजून तसाच आहे तुमचा.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शाळेत पेटी हाय वं. पोरायची प्रार्थना म्या सांगते. काळी चार मले कधीची लागत नाही." मिरचीचं देठ काढून बाजूला ठेवलं. "त्यायले वाटते मले ठाऊक नाही. घरी कोण हाय त्यायच्या? एवढं एक सांभाळून ठेवलं त्यायनं. मी कायले सांगू?"

मी पत्रक छापलं नाही. हे मात्र लिहिते आहे, कारण दिगूभाऊ छापलेलं काही वाचत नाहीत. माझ्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर ते गाण्याच्या खुणा लिहितात, छापील बाजू उलटूनही पाहत नाहीत. पण तुम्ही वाचलं आहे. तेव्हा ऐका. रिसोडला या, त्यांना भेटा, अरेंजर म्हणून हाक मारा, गाण्याचं बोला. मंदाताईंना सगळं माहीत आहे, हे दिगूभाऊंना सांगू नका. अगदी प्रेमानेसुद्धा सांगू नका.