शुभेच्छुकांची खालची रांग

माणसाचं शिक्षण शाळेत सुरू होतं हा एक जुना गैरसमज आहे. ते फ्लेक्सच्या दुकानात सुरू होतं. जळकोटला हायवेलगत मुजम्मिलचं असं दुकान आहे, आणि आसपासच्या पंचवीस गावांचं शैक्षणिक धोरण गेली चौदा वर्षं तिथंच ठरतं. अभिनंदनाच्या फ्लेक्सचे त्याच्याकडं चार साचे तयार आहेत: स्टेथोस्कोप, पिवळं हेल्मेट, खाकी टोपी आणि लाल दिव्याची गाडी. (लाल दिवा सरकारनं बंद केला, पण साच्यात तो चालू आहे.) आजवरच्या २३६ गुणवंतांपैकी एकही या चारांबाहेर गेला नाही. बी.एस्सी. कृषीच्या पोरांना हेल्मेट देतात, शेतात ऊन असतंच. शेजारच्या धोंडप्पांचा थोरला तेवढा फ्लेक्स न लावता पुण्याला गेला. त्याला नोकरी लागून सहा वर्षं झाली, तरी गाव अजून विचारतं, ‘सध्या घरीच का?’

अशा या धोरणकर्त्याच्या पोटी मदिहा जन्माला आली. बारावीनंतर तिनं शांतपणे सांगितलं की तिला विद्यापीठात व्हिडिओ गेमचं प्रोग्रॅमिंग शिकायचंय, यादीत नंबर लागलाय, आणि सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

मुजम्मिल पुढारलेल्या विचारांचा माणूस. ‘हे काय शिक्षण झालं?’ असं त्यानं विचारलं नाही. ‘यात चित्र काय टाकायचं?’ एवढंच विचारलं.

घरात शेवटचा शब्द त्याच्या वडिलांचा, म्हणजे मदिहाच्या दादांचा, खाजामियाँचा. ते म्हणाले, “आमचा इरोध न्हाय. पण आधी फ्लेक्स दाखवा, मंग फी भरा.”

मुजम्मिल कामाला लागला. पहिल्या नमुन्यात मदिहा कॉम्प्युटरपुढं बसलेली होती. तो दुकानाबाहेर टांगताच तासाभरात तिघं सातबारा काढायला आले. दुसऱ्यात तिच्या हातात गेमचा रिमोट दिला, तर दगडोबा शेतकऱ्यानं फवारणीचं ड्रोन भाड्यानं मिळंल का म्हणून विचारलं. तिसऱ्यात गेममधला बंदूकवाला टाकला. तो खाजामियाँना फार आवडला.

“पोरगी मिलट्रीत गेली म्हणून सांगू.”

“पण दादा, मी मिलट्रीत चालले न्हाय.”

“ते गावाला कशाला कळाया पाहिजे?”

त्या रात्री मदिहा नीट जेवली नाही.

सोमवारी सकाळी तिनं दादांना दुकानातल्या कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि दोन महिने गुपचूप बनवलेला गेम सुरू करून दिला. गेमचं नाव ‘शुभेच्छुक’. सुरुवातीला आपला फोटो द्यायचा. मग पाच बाय आठ फुटांच्या फ्लेक्सवर, खालच्या रांगेत, आपल्यासकट छत्तीस फोटो असे बसवायचे की कुणीही रुसता कामा नये. माजी सरपंचांचा फोटो मोठा झाला की सध्याचे सरपंच फ्लेक्स फाडतात. चुलता कोपऱ्यात गेला की लग्नाला येत नाही.

खाजामियाँ तिसऱ्याच पायरीला हरले. चष्मा पुसून पुन्हा बसले. दुपारपर्यंत दुकानात निम्मं जळकोट जमलं. दगडोबा, धोंडप्पा, माजी सरपंच माणिकप्पा, सगळे हरले, आणि सगळे एकाच कारणानं हरले. प्रत्येकानं पहिल्या झटक्यात आपलाच फोटो मोठा केला होता.

साडेचारला मदिहा म्हणाली, “दादा, फीचं काय करू?”

“भर की. ह्या किराणावाल्या ईरण्णाला कुठं बसवू तेवढं सांग.”

चार पन्नासला तिनं अब्बांच्या फोनवरून फी भरली. कुणी मान वर केली नाही.

पुढं खरा फ्लेक्सही लागला, वर बंदूकवाला आणि खाली छत्तीस शुभेच्छुक. कुणी रुसलं नाही. जागा पुरेना म्हणून मदिहाचा फोटो तेवढा काढावा लागला. ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

सोलापूरच्या एसटीत चढताना तिनं बापाला सांगितलं, “अब्बा, आपला फोटो काढून टाकला की तो गेम जिंकता येतो.”

मुजम्मिल दुकानात परतला. पोरीच्या आठवणीनं त्याला भरून आलं होतं. त्यानं गेम उघडला, आपल्या फोटोवर माउस नेला आणि डिलीटच्या बटणावर बोटही ठेवलं. मग त्यानं फोटो जरासा मोठा केला.

हा गेम आता कुणालाही खेळता येतो. फोटो मात्र अलीकडचा लागतो. तुम्ही आत्ता मनात धरलात तो चालणार नाही. तो बारा वर्षांपूर्वीचा आहे.