तुमी 'हाव' म्हणलाव

माणूस ओळखायचा तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नये, वागणं पाहावं, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. (ते सर्वमान्य झालं बोलूनच, पण ते असो.) लातूरच्या बाजारात या तत्त्वाचे स्वयंघोषित प्रवक्ते म्हणजे डाळीचे व्यापारी भीमाशंकर अप्पा. विकणारा तुरीचं कौतुक करत असताना ते पोत्यात हात घालून दाणा चावून पाहत. तूर फसवत नाही, तोंड फसवतं, असं त्यांचं मत होतं, आणि हे मत ते दिवसातून चारदा तोंडानेच सांगत.

त्यामुळे मंगळवारी संध्याकाळपासून त्यांच्या पत्नी उमादेवी बोलेनाशा झाल्या, तेव्हा अप्पा डगमगले नाहीत. दुसरा एखादा नवरा घाईघाईने "काय झालं?" असं विचारून बसला असता. पण विचारलं की माणूस उत्तर देतो, आणि उत्तर म्हणजे पुन्हा शब्दच. अप्पांनी निरीक्षण हाती घेतलं.

बुधवारी ज्वारीची भाकरी बंद होऊन मऊ खिचडी सुरू झाली. (निष्कर्ष: अप्पांना भाकरी प्रिय असल्याने थेट बहिष्कार.) गुरुवारपासून पदर सतत डाव्या गालावर. (निष्कर्ष: अप्पांचं तोंड पाहण्याची इच्छा नाही. अप्पांची खुर्ची उजवीकडे असते, ही बाब विचारात घेण्यात आली नाही.) चहाचा कप ठेवण्याच्या आवाजात तीन दिवसांत बत्तीस टक्के वाढ. डब्यातल्या लवंगा संपल्या. (निष्कर्ष: माहेरून कुणीतरी सुचवलेला तोडगा. चौकशी चालू.)

खरं सांगायचं तर अप्पांना घर खायला उठलं होतं. दुकानातून परतल्यावर "आलाव का?" एवढंच कानावर पडायचं, तेही बंद झालं, आणि त्या दोन शब्दांवाचून त्यांना घास जाईना. (शब्दांना किंमत नसते, हे तत्त्व मात्र कायम होतं.)

शेवटी कृतीला कृतीनेच उत्तर द्यावं म्हणून रविवारी त्यांनी इरकल साडी आणली आणि उमादेवींना आवडते म्हणून शेंगदाण्याची कडक चिक्की, अर्धा किलो. साडी कपाटात गेली. चिक्की पाहून उमादेवींच्या डोळ्यांत पाणी आलं. (निष्कर्ष: मन द्रवलं.)

सोमवारी सकाळी नांदेडहून मुलीचा, मंजुषाचा फोन आला.

"अप्पा, आईचा मेसेज आलाय. तिची दाढ लई सुजून राहिली. तोंड उघडंना. तुमी दवाखान्यात का न्हाई नेलाव?"

"मला कुटं सांगितली ती?"

"मंगळवारी सांगितली की. दाढ दुखतीय, दवाखान्यात न्या म्हणून. तुमी मोबाइल बघत 'हाव' म्हणलाव."

अप्पांना आठवेना. 'हाव' ते दिवसातून साधारण साठ वेळा म्हणतात. त्यातले 'हो' या अर्थाने फार तर पाच. पण या वेळी त्यांनी निरीक्षण केलं नाही. तसेच उठले, रिक्षा बोलावली आणि वाटेत उमादेवींचा हात धरून बसले. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दाढ निघाली. दोन दिवस बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिसऱ्या दिवशी अप्पा दुकानातून आले.

"आलाव का?" आतून आवाज आला. अप्पा उंबऱ्यातच थांबले.

"उमा, पुन्हा एकदा तरी सांगायचं की. सहा दिवस गप का बसलीस?"

"तुमीच म्हणताव ना, बोलण्यावर जाऊ न्हाई, वागणं बघावं," उमादेवी म्हणाल्या. "'हाव' तर तुमी म्हणलावच होताव. सहा दिवस तुमचं वागणंच बघून राहिले होते मी."

अप्पा "हाव" म्हणाले. हे मात्र ऐकून.

तुम्हाला अप्पांचं हसू आलं असेल, तर ते योग्यच आहे. फक्त मघाशी, तुम्ही चिक्कीपाशी होता त्या सुमाराला, आतून कुणीतरी तुम्हाला काहीतरी म्हणालं. तुम्ही मान वर न करता "हो" म्हणालात.

काय म्हणालं होतं?