किमान तीन कर्मचारी

दारव्ह्याच्या एका वाचनालयात बळीराम यांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणसे सांभाळण्याचा अधिकार प्राप्त झाला. त्याआधी एकतीस वर्षे त्यांनी फक्त पुस्तके सांभाळली होती आणि पुस्तकांनी कधी उलट उत्तर दिले नव्हते. आता ते ग्रंथपाल झाले. त्यांच्या हाताखालचा एकूण कर्मचारीवर्ग पुढीलप्रमाणे होता : रुपीबाई.

रुपीबाई कंत्राटी परिचर. कालपर्यंत त्या 'भाऊ' म्हणत. बढतीच्या सकाळपासून 'साहेब' म्हणू लागल्या. बळीराम त्याने इतके संकोचले, की 'जरा झाडून घ्या' असे सांगण्याऐवजी ते स्वतःच झाडू लागले.

यथावकाश यवतमाळला नव्या अधिकाऱ्यांची नेतृत्वविकास कार्यशाळा झाली. मार्गदर्शक प्रेरणा मॅडम म्हणाल्या, "चांगला नेता हाताखालच्या लोकांचं निर्भयपणे ऐकतो." त्यासाठी गोपनीय अभिप्रायाचे फॉर्म वाटण्यात आले. कोणी काय लिहिले ते ओळखू येऊ नये, म्हणून किमान तीन फॉर्म अनिवार्य होते.

बळीरामांनी हात अर्धाच वर केला. "मॅडम, माझ्याकडे एकच बाई आहे."

"मग तर गोपनीयता फारच महत्त्वाची. तीन फॉर्म आले नाहीत, तर तुमच्याकडे कर्मचारीच नाहीत असं धरून परिचराचं पद रद्द होईल. आणि हो, तिन्ही अभिप्राय सारखे असले तर बनावट समजले जातील."

दुसऱ्या दिवशी बळीरामांनी तीन फॉर्म आणि तीन पेन रुपीबाईंसमोर ठेवले आणि गोपनीयतेसाठी भिंतीकडे तोंड केले.

"काय बापा, मले तीनदा लिहा लागते?"

"लिहा. नाहीतर तुमची नोकरी जाते."

"मंग ऐका..."

"नका सांगू! मले कळलं नाही पाहिजे."

रुपीबाईंनी पहिल्यावर लिहिले, 'साहेब चांगले आहेत.' दुसऱ्यावर, 'साहेब फार चांगले आहेत.' तिसऱ्याला वेगळे काही सुचेना, म्हणून खरे लिहिले : 'साहेब काम सांगत नाहीत. स्वतः झाडतात. मले बसून राहायची लाज वाटते.'

महिन्याने पत्र आले. 'आपल्या तीन कर्मचाऱ्यांपैकी एक असमाधानी आढळला आहे. वातावरण बिघडू नये म्हणून त्यास तात्काळ कमी करावे. गोपनीयतेस्तव नाव कळविता येत नाही.'

बळीरामांनी रात्रभर विचार करून, आयुष्यात प्रथमच वरिष्ठांना सत्य लिहिले : तिन्ही कर्मचारी एकच आहेत. उलट टपाली उत्तर आले : 'गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल खुलासा सादर करावा.'

शेवटी त्यांनी जिल्हा कार्यालयातले लिपिक देवसिंग यांना फोन लावला. "बाईले काढू कसं? एकटी हाये ना!"

"पुरी काढा म्हणून कोण म्हणून राह्यलं, साहेब? तिनातली एक काढा. दोन राहू द्या."

त्यानुसार रुपीबाई एक तृतीयांश कमी करण्यात आल्या. त्या दोन दिवस येतात, तिसऱ्या दिवशी घरी राहतात. पगारही त्याच हिशेबाने निघतो. हुकूम त्यांनी दोनदा वाचला.

"म्हणजे खोटं लिहिणाऱ्या दोघी राहिल्या अन् खरं लिहिणारी गेली. असंच ना, भाऊ?"

'भाऊ' ऐकून बळीरामांना बरे वाटले. त्यांनी सवयीने झाडू उचलला; रुपीबाईंनी तो हातातून काढून घेतला.

हाताखाली कोणी नसताना अधिकाऱ्याने स्वतः काम करणे नेतृत्वाच्या व्याख्येत बसत नाही. सबब दर तिसऱ्या दिवशी वाचनालयाला कुलूप असते. कर्मचारी समाधान शंभर टक्के झाल्याबद्दल बळीरामांना प्रशस्तिपत्र मिळाले. सोबत वाचकांचे समाधानही मोजले गेले. आठ महिन्यांत त्या कुलपाबद्दल एकाही वाचकाने तक्रार केली नव्हती, म्हणून नोंद झाली : 'वाचक पूर्ण समाधानी.'

वाचक म्हणून त्या नोंदीत आपणही आहात.