अख्ख्या दाण्याचं गाणं

दयारामकाकांकडे चहा हवा असेल, तर आधी डोळ्यांवर दुपट्टा बांधून घ्यावा लागतो. मी तुमसरात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे माझी पाळी आठवड्यातून तीनदा येते. दुपट्टा बांधला की काका माझ्या कानांवर हेडफोन चढवून कॉम्प्युटरवर एकच गाणं दोन वेगवेगळ्या प्लेअरमधून वाजवतात आणि विचारतात, "सांग मास्तर, पहिलं साजरं का दुसरं?"

मला दोन्ही सारखीच वाटतात. पण तसं म्हटलं तर परीक्षा पहिल्यापासून सुरू होते आणि चहा निवतो. म्हणून मी एकदा पहिलं, एकदा दुसरं असं सांगत जातो.

काकांची सगळी नोकरी राइस मिलमध्ये तांदळाचे नमुने पाहण्यात गेली. दोन ताटल्यांत दोन नमुने पसरायचे, बोट फिरवायचं आणि कनकी, म्हणजे तुकडा, कुठे जास्त ते सांगायचं. निवृत्त झाले तरी बोट थांबेना. मुलीने आपला जुना, स्पीकर नसलेला कॉम्प्युटर दिला, आणि तांदळाच्या जागी गाणी वाजवणारी सॉफ्टवेअरं आली. आजवर अकरा तपासून झाली.

"एमपीथ्री म्हंजे कनकी," ते समजावतात. "पोट भरते, पन दाना तुटलेला. मले अख्खा तांदूळ पायजे." आवाजातलं काहीच न गाळणारी फ्लॅक फाइल म्हणजे अख्खा तांदूळ. पण तेवढ्याने भागत नाही. कॉम्प्युटर स्वतः मध्ये बसून सगळे आवाज एकत्र कालवतो, त्याला काका दलाल म्हणतात. "गानं घरून निघते तवा पुरं राह्यते. मंधात हा दलाल हात मारते. जो प्लेअर याले बाजूले सारन, तो आपला."

इंग्रजी नावं तोंडात बसत नाहीत, म्हणून प्लेअरांचं बारसंही त्यांनीच केलंय. पडदाभर रंग आणि चित्रं मिरवणारा तो नवरदेव. दर आठवड्याला काहीतरी नवीन मागून रुसून बसणारा तो जावई. आणि करड्या चौकटीचा, सांगितलं तेवढंच करणारा तो कोतवाल. माझं मत कोतवालाला, कारण तो लवकर सुरू होतो आणि चहा लवकर मिळतो.

एकदा मी वैतागून विचारलं, "काका, एवढा आटापिटा कशाला? तुमच्याकडे गाणं तर एकच आहे."

खरंच एकच होतं. सिहोऱ्याला धानाच्या बांधीत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करताना बायांनी म्हटलेलं, काकांनी कधीकाळी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेलं आणि आता कॉम्प्युटरवर उतरवलेलं. पुढे गाणारा आवाज त्यांच्या बायकोचा, वच्छलाकाकूंचा.

"बुढीले आता आयकू येत नाही," काका म्हणाले. "कानातली मशीन शिट्ट्या मारते म्हनून डब्यात ठेवून देते. कानाशी तोंड नेलं तरच समजते तिले. मले एक डाव तिचाच आवाज तिले आयकवाचा हाय. मोठा केला तर नुस्ता गोंगाट होते. बारीक दाना तुटला नाही, तरच पोचन."

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी दुपट्ट्याआड मन लावून ऐकायला लागलो.

अडचण एकच होती. कोणताही प्लेअर लावा, काकू म्हणायच्या, "लय साजरं." अकराच्या अकरा पास. "असा परीक्षक राह्यते का कुठी?" काका कपाळावर हात मारायचे.

परवा रविवारी सकाळी नवरदेव आणि कोतवाल यांचा अंतिम सामना ठरला. काकूंना खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवला. काकांनी कोतवाल सुरू केला आणि पडद्यावरच्या रेघा नाचायला लागल्या. काकूंनी डोळे मिटले, मांडीवर बोटांनी ताल धरला.

"आता आलं," त्या म्हणाल्या. "रोवणीतली सकूबाई माह्या बाजूले उभी राहून म्हनून राहिली. सप्पा गानं आयकू येऊन राहिलं मले."

काकांचा चेहरा असा फुलला की मी टाळ्याच वाजवणार होतो. मग माझी नजर टेबलावर गेली. हेडफोनची पिन तिथेच पडली होती. घाईत ती लावायचीच राहिली होती. काकांनीही ती पाहिली.

मी पिन उचलायला हात पुढे केला. काकांनी तो धरला. बराच वेळ सोडला नाही. मग त्यांनी काकूंचा हेडफोन हळूच काढला आणि कानाशी तोंड नेलं. "आयकू आलं न?"

"हो न बाप्पा. आता पुरे करा. कवापासून खपून राहिले माह्यापायी."

काका स्टूल ओढून तिथेच बसले. त्यांनी पुन्हा काकूंच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच गाणं स्वतः म्हणायला लागले. आयुष्यभर मिलच्या धडधडीवर ओरडलेला गळा तो. सूर नाही, ताल नाही. मी खाली पाहत राहिलो.

दुसऱ्याच ओळीला काकूंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "चुकून राहिले तुमी," त्या हसत म्हणाल्या. "असं नाही ते." आणि त्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं. आवाज कापत होता, पण शब्द एकही अडखळला नाही.

"मास्तर, कॉम्प्युटर बंद कर," काका मागे न वळता म्हणाले. "त्याच्या पंख्याचा आवाज येऊन राहिला."