नानांच्या आमरीचा पत्ता

शेजूळनानांनी बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि कुणाची वीतभर जागा इकडची तिकडे होऊ दिली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र एका फुलाचा पत्ता ते विचारणाऱ्या प्रत्येकाला साफ खोटा सांगतात.

उस्मानपुऱ्यात नाना खाली एकटे राहतात, मी वर भाड्यानं. मी सामान घेऊन आले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "तुमची चतुःसीमा सांगा," म्हणाले. मी बावचळले. मग त्यांनी स्वतःचीच सांगून दाखवली, "पूर्वेला रस्ता, पश्चिमेला मोरी, उत्तरेला वकीलसाहेब, दक्षिणेला तुमचा जिना. चारी बाजू ठाव पाहिजेत मास्तरीणबाई, नायतर माणूस हरवतो." मोजणी खात्यातला माणूस, दुसरं काय बोलणार? दूधवाल्यालासुद्धा पिशवी उंबऱ्याच्या ईशान्येला ठेवायची ताकीद आहे.

तर ते फूल. आमरी म्हणजे ऑर्किड, पण ही झाडावर लटकणारी नव्हे, थेट जमिनीतून येणारी. वर्षभर कंद मातीत झोपलेला असतो आणि श्रावणात वीतभर दांडा वर येऊन त्याला पांढरी फुलं लागतात, पंख पसरलेल्या पाखरासारखी. आमच्या डोंगरांत ती आता दिसेनाशीच झाली आहे. नानांनी ती पाहिली आहे, ही बातमी कुणीतरी पेपरात दिली आणि त्यांच्या दाराशी माणसं यायला लागली.

एका प्राध्यापकांना नानांनी छावणीच्या मागं पाठवलं. "नाल्याच्या पल्याड, पडक्या भिंतीपासून चाळीस पावलं." गृहस्थ घोट्याएवढा चिखल तुडवून आले, मिळालं फक्त गाजरगवत. नानांनी त्यांना बसवून चहा दिला आणि उलटतपासणी सुरू केली. "किती पावलं चालला? बेचाळीस? मग बरुबर, तिथंच चुकलं." प्राध्यापक पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुन्हा चिखल, पुन्हा चहा.

मी एकदा चिडून म्हणाले, "नाना, भल्या माणसांना कशाला वणवण करायला लावता?"

"लोक कंद उकरत्यात, बाई. लई नाजूक कारभार असतो तिचा."

मला ते पटलं. एवढंच नव्हे, शाळेत मी नानांचं कौतुकसुद्धा करून टाकलं.

यंदा श्रावणातल्या पहिल्या सोमवारी नाना कठड्याला धरत धरत जिना चढून आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. "गुडघा साथ देईना. वेरूळला सोडता का?" शाळा सकाळचीच होती. ती सुटल्यावर मी त्यांना स्कूटीवर घेतलं. आधी घृष्णेश्वराचं दर्शन, मग डोंगर. हा क्रम त्यांच्या बायकोनं घालून दिलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी पायातला काटा काढायला ती टेकाडावर बसली आणि आमरी आधी तिलाच दिसली. पुढं दर श्रावणात दोघं जोडीनं बघायला यायची.

माझ्या खांद्याला धरून नाना बाभळीपासून पावलं मोजत निघाले. एकोणिसाव्याला थांबले. समोर चार दगड रोवलेले होते, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, त्यांच्यावरचा चुना अजून पुसट दिसत होता. मधोमध एक जुना खड्डा, गवतानं भरलेला.

"आमरी कुठंय, नाना?"

"नाय. घरची गेली त्या साली एकटाच आलो. म्हणलं, हिला तरी कुणी तुडवू नये. टेप लावून हद्द आखली, दगड रोवले, वरून चुना फासला. दुसऱ्या साली आलो तर दगड जागच्या जागी, आन मधी खड्डा." मग खालच्या आवाजात म्हणाले, "उभ्या जन्मात दगड रोवले ते लोकांना लांबून दिसावं म्हणून. इथंबी तेच केलं. अक्कलच चालली नाय."

मी विचारलं, "मग हे खोटे पत्ते कशाला सांगता?"

"नाय म्हणलं की संपलंच की. पत्ता चुकला की माणूस परत येतो, घटकाभर बसतो." त्यांनी मान दुसरीकडं वळवली. "आन कुणी इचारलं का मलाबी वाटतं, हाय अजून."

मग गुडघा सांभाळत ते खाली बसले, पिशवीतून खुरपं काढलं आणि खड्ड्यातलं गवत हलक्या हातानं काढू लागले. कंदाचा तुकडा राहिला असेल तर त्याला वर यायला वाट हवी, म्हणाले. हे ते दरवर्षी करतात. मला रडू आलं. पदर खोचून मीही गवत उपटायला बसले.

त्यानंतर आठ-दहा दिवस नाना मला टाळत होते. मी जिना उतरू लागले की आत जायचे. रविवारी सकाळी मी त्यांना दारातच गाठलं. वकीलसाहेब गाडी पुसत होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "नाना, आमरी यंदा कुठं आली हो?"

नानांनी माझ्याकडं बघितलं, मग वकीलसाहेबांकडं, मग पुन्हा माझ्याकडं. घसा खाकरला.

"छावणीच्या मागं. नाल्याच्या पल्याड, भिंतीपासून चाळीस पावलं."

मी गेले. खरंच गेले. भिंत सापडली, चिखल सापडला, गाजरगवत तर कमरेएवढं. तासाभरानं चिखलानं भरलेल्या चपला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

"नाही सापडली, नाना."

"किती पावलं चालला?" म्हणत त्यांनी दोन कप चहाचं आधण ठेवलं.