साडेअकरा शेरांची वीणा

रविवार, ११ एप्रिल १९३७ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भाजे गावच्या मारुतीच्या देवळात वीणेचे सात तुकडे झाले. त्यांपैकी पाच भोपळ्याचे होते आणि दोन दांडीचे. ही मोजणी महिपतराव येवले यांनी स्वतः केली, कारण वीणा त्यांच्याच हातून मोडली होती आणि अर्धवट माहिती देणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

महिपतराव पुण्याच्या कॉलेजात स्थापत्य शिकलेले, रेल्वेच्या पुलांवर एकतीस वर्षे ओव्हरसियर म्हणून राबलेले आणि दोन वर्षांपूर्वी पेन्शन घेऊन गावी परतलेले गृहस्थ होते. परतल्यापासून त्यांनी विहिरीचा रहाट, चावडीचा जिना आणि शेजारच्या घरातला पाळणा तपासून तिन्ही धोकादायक ठरवले होते. त्या रविवारी पाळी होती देवळातल्या खुंटीची. तिच्यावर सप्त्याची वीणा टांगलेली असे. सप्त्याचे पुढारी अंबाजीबुवा यांनी सांगून पाहिले, की खुंटी चाळीस वर्षे तिथेच आहे आणि कधी पडलेली नाही. त्यावर महिपतराव म्हणाले, "चाळीस वर्षे पडली नाही, याचा अर्थ पडायची वेळ जवळ आली आहे."

मग त्यांनी वीणा खुंटीवरून उतरवली, खाली भिंतीशी नीट टेकवून ठेवली आणि खुंटीची ताकद अजमावण्यासाठी तिला भाताचे पोते टांगले. चौथ्या मिनिटाला खुंटी मोडली. महिपतरावांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. पोते वीणेवर पडले.

आता भाज्याचा सप्ता म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय या सात तुकड्यांचे वजन कळणार नाही. हनुमान जयंतीआधी सात दिवस आणि सात रात्री देवळात अखंड भजन चाले, आणि त्या सर्व काळात वीणा कोणाच्या तरी गळ्यात असे. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाई. जमिनीला मात्र टेकत नसे. टेकली की सप्ता खंडला. वीणेकरी बारा ठरलेले होते. प्रत्येकाचा रोज दोन तासांचा पहारा. बापामागे मुलगा, असा तो मान चालत आलेला होता आणि त्याची यादी अंबाजीबुवांच्या कोपरीच्या खिशात असे. यंदाचा सप्ता रविवारी, अठरा तारखेला, सकाळी सहा वाजता बसायचा होता.

"महिपती," अंबाजीबुवा तुकड्यांकडे पाहत हळूच म्हणाले, "अठराला दिस उगवताना माज्या गळ्यात वीणा नसंल, तर चाळीस वरसांचा सप्ता तुज्यापायी खंडला म्हनायचा. मग तू गावात ऱ्हा न्हाईतर पुलाखाली ऱ्हा."

घरी त्यांची थोरली बहीण विठाबाई वाट पाहत होती. ती बालविधवा, सप्त्याच्या पंगतींचा स्वयंपाक गेली एकोणीस वर्षे तिच्याच हातचा. बातमी तिला आधीच पोचली होती.

"एकोनीस वरसं चुलीपुढं काडली म्या," ती म्हणाली. "त्या वीणेला कदी बोट लावू दिलं न्हाई मला. आन तू तिच्यावर पोतं टाकलंस."

महिपतरावांनी त्याच दिवशी चौकशीला प्रारंभ केला. नवी वीणा मिरजेहून यायला दीड महिना लागणार होता. शेजारच्या गावांकडून उसनी मिळण्यासारखी नव्हती, कारण त्यांचेही सप्ते त्याच आठवड्यात. जुन्या वीणेचा भोपळा सांधता येईना. मंगळवारी सायंकाळी गफूरभाई पिंजारी कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून दारावरून चालले होते. त्यांनी वाट सुचवली. लोणावळ्यात एक इंजिनड्रायव्हर साहेब नोकरी सोडून विलायतेला निघाला होता. त्याच्या गाद्या पिंजायला गफूरभाई गेले असता त्यांना त्याच्या भिंतीवर एक तारांचे वाद्य दिसले होते. बुधवारी घरसामानाचा लिलाव होता.

बुधवारी दोघे मळवलीहून गाडी धरून लोणावळ्यास गेले. पोपटाचा पिंजरा आणि खिमा करण्याचे यंत्र यांच्यामध्ये ते वाद्य पडले होते. साहेब लोक त्याला गिटार म्हणतात, असे लिलाव पुकारणाऱ्याने सांगितले. महिपतरावांनी खिशातली घडीची पट्टी काढली आणि वीस मिनिटे तपासणी केली. मान धनुष्यासारखी वाकलेली, पोट खचलेले, पाठीला वीतभर भेग, सहापैकी तीन खुंट्या बेपत्ता. एकूण एकोणीस दोष त्यांनी वहीत लिहिले आणि मग जमलेल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यानंतर बोली लावायला कोणी उरले नाही. पुकारणाऱ्याने तीन रुपयांत गिटार त्यांच्या हातात दिली आणि लगेच पिंजऱ्याकडे वळला.

परतीच्या गाडीत गफूरभाईंनी गिटारीची वाकलेली मान एकदा चाचपली. मग ते म्हणाले, "भाऊ, मढ्याचा पंचनामा समदेच करत्यात. करून मढं घरी आननारे तुमीच."

मळवली स्टेशनच्या मालाच्या काट्यावर गिटार दोन शेर भरली. महिपतरावांनी आकडा टिपून घेतला.

दुरुस्ती गुरुवारी सकाळी सुरू झाली. महिपतरावांची विचारसरणी सरळ होती. वीणा सात दिवस माणसांच्या गळ्यात राहणार, भजनात हेलकावणार, एकाकडून दुसऱ्याकडे दिली जाणार. म्हणजे हा हलता भार झाला. हलत्या भाराच्या पुलाला ते लागते त्याच्या सहापट मजबुती धरत. तोच नियम त्यांनी गिटारीला लावला. वाकलेल्या मानेखाली लोखंडी पट्टी आली आणि ती बसवायला आठ बोल्ट. बोल्टांनी लाकूड फुटू नये म्हणून आतून सागवानी ठोकळे आले. ठोकळ्यांच्या वजनाने पाठीची भेग वाढू लागली. तेव्हा पाठीवर पत्रा चढला. पोट पुन्हा खचू नये म्हणून आत चार आडव्या तुळया आणि दोन तिरके टेकू आले. पुढच्या बाजूला एक मोठे गोल भोक होते. ते त्यांना पहिल्यापासूनच पसंत नव्हते. पावसाचे पाणी आत शिरले असते. त्यावर त्यांनी बोल्टने आवळलेले झाकण बसवले. तारांसाठी गफूरभाईंनी आपल्या कमानीची तात देऊ केली होती. पण ती बकऱ्याच्या आतड्याची, आणि गळ्यात घेणारे सगळे माळकरी. म्हणून पुण्याहून पोलादी तारा आल्या. शेवटी गंज लागू नये म्हणून सगळ्यावर पुलाला देतात तो तांबडा रंग दोन हात दिला.

शनिवारी दुपारी विठाबाईने रंग वाळलेला पाहून एक तार छेडली. ठक् असा आवाज झाला. तिने दुसरी छेडली. तीही ठक्.

"ही वाजत न्हाई," ती म्हणाली.

"आक्का, वाजणे हा दुय्यम गुण आहे. ही मोडणार नाही."

"धोंडाबी मोडत न्हाई. मग तोच बांधा की गळ्यात."

महिपतरावांनी तिला समजावले, की देवळात पखवाज आणि चाळीस टाळांच्या गजरात वीणा कोणालाच ऐकू येत नाही. ती नुसती असावी लागते. यात खोट काढता येण्यासारखे काही नव्हते. वजन मात्र त्यांनी पुन्हा केले नाही, कारण मळवलीला जायला वेळ उरला नव्हता.

रविवारी पहाटे अंबाजीबुवांनी नव्या वीणेभोवती एक फेरी मारली. "वीणंला कंबर नसती," ते म्हणाले.

"चाळीस वरसं सप्ता हुबा हाय, बुवा," दाराशी उभे असलेले गफूरभाई म्हणाले. "कंबर लागनारच."

दुसरा इलाज नव्हता. झेंडूच्या माळांनी कंबर झाकली गेली, हळदकुंकू वाहिले गेले आणि ठीक सहाला दोघांनी उचलून वीणा बुवांच्या गळ्यात घातली. बुवा एकदम दोन बोटे खाली आले, पण उभे राहिले. पहिला अभंग त्यांनी पुढे पाहत म्हटला. दुसरा स्वतःच्या पायांकडे पाहत म्हटला. सहा पंचविसाला ते नुसतेच पायांकडे पाहत होते. त्यांच्यानंतरचा वीणेकरी हौशीराम आठला यायचा होता आणि तो म्हशींमागे ओढ्यापलीकडे गेला होता. माणसे धावली. त्याला काठीसकट आणले गेले. तोवर बुवांच्या गळ्यातला वीणेचा पट्टा दोन्ही बाजूंनी दोघांनी हातांनी तोलून धरला होता. वीणा जमिनीपासून सव्वा वीत उंच होती, हे महिपतरावांनी पट्टीने पाहून ठेवले.

पुढचा क्रम लवकर उरकला. ज्यांचा पहारा दुपारी होता ते सकाळीच उभे राहिले. ज्यांचा रात्री होता ते जेवणाआधी. दोन तास कोणालाच जमेना. साडेतीनपर्यंत अकरा वीणेकरी देवळाच्या ओसरीवर ओळीने आडवे झाले होते आणि विठाबाई स्वयंपाकघरातून त्यांच्या मानांसाठी मिठाच्या गरम पुरचुंड्या पाठवत होती. उरला बारावा, बजरंग पैलवान. त्याने पन्नास मिनिटे काढली. चार वाजून वीस मिनिटांनी त्याने पाठ खांबाला टेकली आणि तो म्हणाला, "बुवा, कुनी तरी घ्या, न्हाईतर मी बसतोय."

यादीतले कोणी उठेना. यादीबाहेरचे कोणी पुढे होईना, कारण मान बारांचाच होता. टाळ मंदावले. तेव्हा विठाबाई पदराला हात पुशीत बाहेर आली, बजरंगासमोर उभी राहिली आणि तिने मान पुढे केली.

"दे हिकडं."

ओसरीवरून अंबाजीबुवांनी झोपल्या झोपल्याच विरोध नोंदवला. "विठाबाई, यादीत तुजं नाव न्हाई."

"मग यादी उचला, बुवा. ती हलकी हाय."

बुवांनी खिशाकडे हात नेला; पण आखडलेल्या खांद्यामुळे तो तिथवर पोचला नाही. वीणा विठाबाईच्या गळ्यात आली. पन्नास वर्षे नदीवरून डोईवर एक हंडा आणि कडेवर दुसरा आणलेल्या त्या बाईची मान तसूभरही वाकली नाही. तिने वरच्या पट्टीत अभंग उचलला आणि टाळ आपोआप भानावर आले. स्वयंपाकघरात आमटी करपत होती; तिकडे कोणीही पाहिले नाही.

इकडे महिपतरावांना आपली चूक उमगली होती. त्यांनी वीणेची मजबुती काढली होती. मानेची काढली नव्हती. त्यांनी देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. एका साधारण मानेला हा भार पाव तास सोसतो. पाच वाजल्यापासून सप्ता उठेपर्यंत एकशे सत्तावन्न तास राहतात. म्हणजे पहारे सहाशे अठ्ठावीस, आणि ओसरीवरच्या माना बाद.

"सहाशे माणूस आनायचं कुटनं?" हौशीरामाने आडव्यानेच विचारले.

"प्रत्येक घरातून," महिपतराव म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर पहिले नाव स्वतःचे लिहिले.

पाच वाजता त्यांनी आक्काकडून वीणा घेतली. पाचव्या मिनिटाला त्यांना झाकणाच्या चारही बोल्टांचा पश्चात्ताप झाला. सव्वापाचला गफूरभाई पुढे आले. "माजी कमान खांद्यावं ऱ्हाती, ही गळ्यात. फरक यवढाच," ते म्हणाले आणि सर्वांनी बुवांकडे पाहिले. बुवांनी डोळे मिटून घेतले. ती तल्लीनता होती की मानेतली कळ, हे शेवटपर्यंत कळले नाही. पण 'नको' असे काही ते म्हणाले नाहीत.

सोमवारपासून भिंत भरू लागली. ज्या घरांनी चाळीस वर्षे नुसता नारळ दिला होता त्यांनी माणसे दिली. बायका आधी जावांच्या आडून आल्या, मग जावांना मागे सारून आल्या. बुधवारी मळवलीहून रेल्वेची गँग आली. रूळ उचलताना म्हणतात ते 'जोर लगाके' म्हणत त्यांनी वीणा या गळ्यातून त्या गळ्यात दिली आणि हा प्रकार इतका सोयीचा ठरला, की पुढे भजनी मंडळीही तसेच करू लागली. शेजारच्या पाटण आणि कार्ल्याचे लोक पाहायला आले आणि पहारा करून गेले. काहींनी दोनदा, तीनदा नावे लावली. गुरुवारी खडू संपला. विठाबाईने चुलीतला कोळसा पाठवला.

रविवारी, पंचवीस तारखेला, सूर्योदयाला वीणा अंबाजीबुवांच्या गळ्यात होती, बजरंगाच्या दोन्ही हातांच्या आधाराने. पाळण्याचे गाणे झाले, सुंठवडा वाटला गेला आणि सप्ता पुरा झाला. महिपतरावांनी भिंतीत बसवलेल्या लोखंडी आकड्यावर वीणा चढवायला चार माणसे लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरजेची वीणा आली. महिपतरावांनी ती स्वखर्चाने मागवली होती. वजन दीड शेर, गोड आवाज, कंबर नाही. अंबाजीबुवांनी ती दोन्ही हातांवर घेतली, एकदा गळ्यात घालून पाहिली आणि समाधानाने यादी खिशातून काढली. देवळात गाव जमला होता. महिपतरावांनी तांबडी गिटार आकड्यावरून उतरवायची म्हणून बजरंगाला हाक मारली.

"तिला हात लावू नगस," विठाबाई म्हणाली.

"आक्का, चुकीची रचना आहे ती. मी मान्य करतो. साडेअकरा शेर भरली, मळवलीला नेऊन पाहिली."

"असूं दे. ही हलकी हाय ना, हिला बारा जनं पुरत्यात." तिने नव्या वीणेकडे बोट केले आणि मग आकड्यावरच्या तांबड्या गिटारीकडे. "तिला समदा गाव लागतो."

बुवांनी देवळात जमलेल्या लोकांकडे पाहिले, मग आपल्या मानेवर हात फिरवला आणि यादी घडी करून पुन्हा खिशात ठेवली. मिरजेची वीणा एकादशीच्या भजनाला ठेवावी, असे ठरले. सप्त्याची वीणा आकड्यावरच राहिली.

पावसाने भिंतीवरचा खडू धुऊन जाण्याआधी महिपतरावांनी नावे वहीत उतरवून घेतली आणि दोनदा मोजली. त्याआधीच्या चाळीस वर्षांत दर साली वीणेकरी बारा. १९३७ साली, तीनशे सत्तेचाळीस.