आबासाहेबांच्या दोन कमाया

“महिन्याची नको, वर्षाची सांगा. सगळ्या घराची मिळून,” गुरुशांत म्हणाला आणि टॅब मांडीवर घेऊन बसला.

सोलापूरच्या एका संस्थेनं त्याला माढा तालुक्यात धाडलं होतं. दर पाच वर्षांनी त्याच त्या घरांत जायचं, कमाई विचारायची, सगळी घरं कमीपासून जास्तीपर्यंत एका ओळीत मांडायची आणि बरोब्बर मधल्या घराची कमाई ती तालुक्याची धरायची, एवढंच काम. पण तीन दिवस झाले, कमाईचा विषय निघाला की माणसं आभाळाकडे बघत होती आणि फार तर मिठामिरचीपुरता आकडा सांगत होती.

उजनीच्या पाण्याकाठचं आबासाहेबांचं घर मात्र निराळं निघालं. त्याला कारण होतं. मुलगा आदिनाथ एकतिशीला आला होता, दोन स्थळं हातची गेली होती. करकंबच्या भीमरावांची अंकिता हे तिसरं. भीमराव आज घर बघायला येणार होते. आणि त्याआधी मुलीकडचा एखादा अनोळखी माणूस काहीतरी निमित्त काढून चौकशी करून जातो, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं जमीन किती, म्हशी किती, घर स्लॅबचं की पत्र्याचं असं विचारायला घेतल्यावर आबासाहेबांनी बायकोला, बजाबाईला, हळूच खूण केली.

“मी सर्व्हेतून आलोय,” गुरुशांत म्हणाला.

“व्हय व्हय, सर्व्हेच म्हणायचं! अगं, साहेबांस्नी शिरा आण की. हां, ल्हिवा. केळी सहा एकर.”

“बाग तर दोनच एकर दिसतेय.”

“मेव्हण्याची चार धरा. त्यो कुटं परका हाय?”

तेवढ्यात आदिनाथनं एक ट्रॅक्टर अंगणात आणून उभा केला. ट्रॅक्टरच्या तोंडावर लाल अक्षरांत ‘महेश्वर’ लिहिलं होतं.

“हे महेश्वर कोण?”

“ट्रॅक्टरचं नाव हाय ते,” आबासाहेब म्हणाले.

गुरुशांतला शंका आली नाही असं नाही. पण शिरा तुपातला होता, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी आकडा हात न आखडता सांगत होतं. त्यानं चौदा लाख भरले. टॅब लालभडक झाला. ‘मागील फेरी: चाळीस हजार. ही फेरी: चौदा लाख. फरकाचं कारण विचारा.’

खाल्ल्या शिऱ्यावर हे कसं विचारावं, अशा विचारात तो असतानाच जीप आली. भीमराव उतरले आणि त्याच्याच शेजारी बाजेवर बसले.

“आता इचारायचं काय राहिलं?” आबासाहेब हसत म्हणाले. “तुमच्या माणसाला समदं सांगितलंय.”

“आमचा माणूस? आमी कुणाला धाडलं न्हाई.”

“मी सर्व्हेतून...” गुरुशांत पुन्हा म्हणाला. या खेपेला ते सगळ्यांना पटलं.

“मग काय निघालं सर्व्हेत?” भीमरावांनी विचारलं.

“ते गोपनीय असतं.” असं म्हणून त्यानं घाईघाईनं टॅब छातीशी धरला. लाल बाजू बाहेर.

भीमरावांनी त्याच्या छातीवरचा मजकूर सावकाश, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचला.

बजाबाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबली. आबासाहेबांनी टोपी काढून आतून बघितली.

“चाळीस हजार... तवा वाटलं, रेशनकार्डातनं नाव काढाया आलेत.”

“आन चौदा लाख?”

“आता वाटलं, तुमी धाडलंय.”

भीमराव उठले. त्यांनी एक चप्पल पायात घातली.

“साडेतीन लाख,” आदिनाथ एकदम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “दोन एकर केळी, चार म्हशी. ट्रॅक्टर महेश्वरकाकांचा हाय.”

भीमराव एका चपलेवर उभे राहिले. मग गुरुशांतकडे वळले. “ते सर्व्हेचं करकंबला आमच्या घरी येतंय, ते तुमचंच का?”

“हो. पुढच्या आठवड्यात तुमचा तालुका.”

भीमरावांनी चप्पल काढली आणि परत बसले. “मागल्या खेपंला मी बत्तीस हजार सांगितलं हुतं,” ते जीपकडे न बघता म्हणाले. “पोरगं खरं बोलतंय. चा आणा.”

चहाबरोबर साखरही वाटली गेली. गुरुशांतनं सुटकेचा श्वास टाकला. “मग साडेतीन लाख लिहितो.”

“छ्या!” दोन्ही बाप एका सुरात ओरडले. “ते सोयऱ्यांपुरतं. सरकारात नको!”

“आमची संस्था सरकारी नाही.”

“आज न्हाई. उद्या?”

“पण मी खोटं कसं लिहू?”

“शिरा खाल्लाय न्हवं?” बजाबाई म्हणाली.

गुरुशांतनं मान खाली घालून बेचाळीस हजार भरले. टॅब हिरवागार झाला.

आदिनाथच्या लग्नात त्याला पहिल्या रांगेत बसवून फेटा बांधला. अक्षता पडल्या आणि वरिष्ठांचा फोन आला. “अहो, बाकीचे आकडे नुसते उड्या मारतायत. तुमचं एक घर बघा, चाळीसाचं बेचाळीस! शिवाय ओळीत बरोब्बर मधोमध. म्हणजे तालुक्याचा आकडा तोच. अहवालात तुमचं नाव टाकतोय.”

गुरुशांतला घाम फुटला. आबासाहेबांनी ते पाहिलं.

“काय वो साहेब, वंगाळ बातमी?”

“नाही,” तो कसाबसा म्हणाला. “तुमचं घर तालुक्यात मधलं आलं.”

“मधलं?” आबासाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी मांडवावरनं, पंगतींवरनं एकवार नजर फिरवली आणि त्याचा दंड धरला. “हळू बोला. इवाई ऐकतील.”